पोच्यापर्यंत पाणी

दुपारी साडेतीनला गॅस संपला. सिलिंडर एकतर पाहुणे आल्यावर संपतो नाहीतर चहाच्या वेळेला, याबद्दल आमच्या घरात मतभेद नाहीत. कपाटावरची इंडक्शन शेगडी काढली, पुसली, तिच्यावर चहाची पातेली ठेवली आणि बटण दाबलं. शेगडी नुसती टीं टीं करत बसली. पातेली जरा सरकवली, बूड पुसून ठेवली, तरी तेच. बायको आतून म्हणाली, "अहो, जर्मनची आहे ती. तिच्यावर नाही तापायची. स्टीलची घ्या."

खरंच की. त्या शेगडीला बुडाशी लोहचुंबक चिकटेल असलंच भांडं चालतं, आणि जर्मनला, म्हणजे ॲल्युमिनियमला, लोहचुंबक ओळखसुद्धा देत नाही. आयुष्यभर आमचा चहा उकळलेली पातेली शेगडीच्या लेखी तिथं नव्हतीच.

स्टीलची घेतली, नळाखाली धरली आणि हात अडला. पाणी कुठपर्यंत घ्यायचं?

जुन्या पातेलीला पोचा आहे. बाहेरून खड्डा, आतून उंचवटा. तो उंचवटा बुडाला की पाणी पुरे, त्यावर दोन बोटं दूध, चार कप चहा. आमच्या घरात चहाला दुसरं माप कधी नव्हतंच. पोचा कसा पडला याच्या दोन कथा आहेत, आणि दोन्हीत दोष माझ्या धाकट्या भावाकडे जातो, म्हणून मी त्या तपासत नाही. अण्णांना चहा पाणचट लागला की ते कप खाली ठेवून आईला म्हणायचे, "आज धोका पातळी ओलांडलीस."

हे सांगलीतच कळावं. आषाढ लागला की इथं कुणी कुणाला 'कसे आहात' विचारत नाही, 'किती झालं?' विचारतो, आणि समोरचा फुटांत उत्तर देतो. कृष्णेवरचा १९२९ सालचा आयर्विन पूल आमच्यासाठी पूल कमी आणि पुराची मोजपट्टी जास्त. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. गावभागातली पोरं पाढ्यांच्या आधी हे दोन आकडे शिकतात. तेव्हा आमचा चहाही खुणेवर चालला तर नवल नाही.

जर्मनच्या आधी पितळेचं पातेलं होतं, आजीचं. ते अंगानं जड, आणि त्याला कल्हई लागायची. 'कल्हईऽऽ' अशी हाळी आली की आई दोन-चार भांडी घेऊन दारात यायची आणि आम्ही तिच्या मागं. तो माणूस बोळाच्या तोंडाशी जमिनीत वीतभर खड्डा करायचा, कोळसे पेटवायचा, भात्याचं तोंड मातीनं लिंपून घ्यायचा. भाता ओढायला आम्हाला मिळेल या आशेवर आम्ही उकिडवे बसून राहायचो, मिळाला एकदाच. भांडं चांगलं तापलं की तो आत नवसागर भुरभुरायचा. पांढरा धूर नाकात असा घुसायचा की डोळ्यांतून पाणी. मग कथलाची कांडी एकदा टेकवायची, ती लोण्यासारखी विरघळायची, आणि कापसाचा बोळा गरागरा फिरवला की काळ्या-पिवळ्या पातेल्याच्या आत चंद्र उगवायचा. लगेच चिमट्यानं उचलून बादलीत. चर्र. कथील २३२ अंशांना वितळतं हे पुढं कॉलेजात कळलं, पण त्या कांडीचा मऊपणा आकड्यात नाही मावत.

कल्हई उडाली की चहा कळकायचा. जिभेच्या कडेला नाणं चोखल्यासारखी चव. मग कल्हईवाला यायचा उशीर व्हायला लागला, पुढं येईनासाच झाला, आणि आईनं जर्मनची पातेली आणली. आजीनं जाहीर केलं की पांढऱ्या भांड्यातला चहा मी घेणार नाही. त्यानंतर दोन चहा व्हायला लागले, आणि आई रोज मनातल्या मनात काय म्हणत असेल ते मी लिहीत नाही.

एकदा आई बाहेर गेली असताना भावानं आणि मी ठरवलं, आजीला फसवायचं. जर्मनमधे चहा केला आणि पितळेच्या पातेल्यात ओतून, तिच्यासमोर त्यातून गाळून दिला. आजीनं कप हातातही घेतला नाही. "जर्मनचा आहे," म्हणाली. पिण्याआधीच कसं कळलं? तर माजघरात जपाची माळ ओढता ओढता तिनं सांडशी ऐकली होती. "पितळेला सांडशी लागली की पितळ बोलतं. हे नुसतं खडखडलं."

म्हणजे भांड्यानं फरक पडतो की नाही? पडतो म्हणणाऱ्यांपैकी मी आहे, पण माझे पुरावे सगळे असलेच. पुण्यातले अमृततुल्यवाले पितळ सोडायला तयार नाहीत, त्यांचंही काही चुकत नसेल. लोखंडाबद्दल मात्र मी छातीठोक सांगू शकतो. एकदा जतकडं हुरड्याला गेलो होतो, चहाचं भांडं घरीच राहिलं, म्हणून कढईत आधण ठेवलं. दूध घालायच्या आधीच ते निळं-काळं झालं. पूर्वी हिरडा आणि हिराकशीची शाई करत, तशातलाच प्रकार. तुरट अर्काला लोखंड भेटलं की पोथी लिहायला घ्यावी. सगळ्यांनी ती शाई प्यायली. आमची नागपूरची वहिनी तेव्हा म्हणाली, "एक गंज तरी आणायचा होता!" गंज म्हणजे तिच्याकडं पातेलं, हे आम्हाला उशिरा कळलं. तोवर सगळे म्हणत होते, कढईत काय कमी आहे का गंज?

२०१९ च्या ऑगस्टमधे पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही आई-अण्णांना आधीच वर, ओळखीच्यांच्या तिसऱ्या मजल्यावर हलवलं होतं. परत आलो तेव्हा स्वयंपाकघरात घोट्याइतका गाळ, मांडणी आडवी पडलेली, आणि तिच्याखाली भांडी. तीन दिवस आई नळाशी बसून एकेक घासत होती. चहाची पातेली सापडली ती मांडणीच्या लोखंडी कोपऱ्याखाली दबून. जुना पोचा शाबूत होता. त्याच्या खाली, बोटभर अंतरावर, आणखी एक पडला होता.

अण्णांनी पातेली उजेडाकडे धरून आत बघितलं. "हा तीन कपांचा," म्हणाले, आणि ठेवून दिली.

तीन कपांचं काम तेव्हा नव्हतं. ते दीड वर्षानं पडलं. तेव्हापासून वरचा पोचा कोरडा राहतो.

आज स्टीलच्या पातेलीत पाणी अंदाजानं घेतलं. आलं ठेचलं, दूध घातलं, शेगडीनं चौकशी न करता तापवलं. उतू जाताना मात्र जर्मनसारखी वर्दी दिली नाही, एकदम ओट्यावर. उरलेला गाळला. आईचा कप, बायकोचा, माझा. पातेलीत अजून होता. चौथा कप काढला, भरला, ओट्यावर ठेवला.

"आलं कमी पडलंय," आई आतून म्हणाली.

तो चौथा मीच प्यायलो. गार झाला होता.