लाल भुंगेरा उलटा करून पाहताना

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी ऑलॅकोफोरा ही पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांची प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) निवडली ती सोयीपोटी. शिरपूर तालुक्यात तापीकाठी मामांच्या वावरात गिलकी, दुधी, डांगर असतंच, आणि त्यांच्यावर लाल भुंगेरे हटकून पडतात. दव असेपर्यंत ते पानाआड सुस्त असतात; ऊन चढलं की हात पोचायच्या आत उडतात. त्यामुळे उजाडताच वावरात जायचं. मामांचा रोजचा प्रश्न ठरलेला : "व्हयनं का तुन्हं? फवारा मारू का थांबू?"

मारणं, वाळवणं, त्रिकोणी कार्डाच्या टोकाला चिकटवणं हे हातात बसायला वेळ लागत नाही. खरं काम मायक्रोस्कोपखाली. हाताशी कीटकशास्त्रज्ञ समरेंद्र मौलिक यांचा गॅलेरुसिनींवरचा, म्हणजे ऑलॅकोफोरा ज्यात मोडते त्या उपकुलावरचा, १९३६ सालचा खंड होता. त्यातली ओळख पटवायची 'की' म्हणजे दोन-दोन पर्यायांची वाट. एक वळण चुकलं की भलत्याच गावाला.

आधी कुल पक्कं केलं. पावलाला चारच खंड दिसतात, पण असतात पाच. चौथा इवलासा, तिसऱ्याच्या दोन पाळ्यांत दडलेला. मग मिशा डोळ्यांच्या मधे, एकमेकींना खेटून उगवलेल्या. मागची मांडी फुगलेली असती तर तो उड्या मारणारा पिसूभुंगेरा ठरला असता. छातीच्या ढालीवर आडवी खोल खाच दिसली तेव्हा ऑलॅकोफोराच्या जवळ आल्यासारखं वाटलं.

जातीच्या पायरीवर मात्र रंगाचा मोह आवरावा लागतो. नुकता बाहेर पडलेला भुंगेरा फिका असतो, अल्कोहोलमध्ये ठेवलेला आणखी फिका पडतो. वरून सगळे नारिंगी-लालच. म्हणून उलटा करायचा : फोवेइकॉलिसचं, म्हणजे नेहमीच्या लाल भुंगेऱ्याच्या जातीचं, पोट काळं, त्यावर बारीक पांढुरकी लव. लांबी सहा ते आठ मिलिमीटर. नराच्या पोटाचा शेवटचा खंड तीन पाळ्यांत कापलेला असतो, मादीचा तसा नसतो. माझ्या मते ही पाळी ओळखायला शिकणं हेच या प्रजातीतलं अर्धं शिक्षण आहे, कारण पुढची खात्री नरावरच होते. कोमट पाण्यात मऊ करून टोकदार सुयांनी जननेंद्रिय बाहेर काढायचं, दहा टक्के पोटॅश द्रावणात मांस विरघळवायचं आणि ग्लिसरीनमध्ये आडवं ठेवून त्याच्या वळणाची चित्रं काढायची. लॅबमधला पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर सगळं उडून जातं. एप्रिलात खान्देशात बंद पंख्याखाली बसणं काय असतं ते इथल्यांना सांगायला नको.

दुधीवर काळ्या पंखांचेही थोडे सापडले होते. त्या सगळ्या माद्या निघाल्या. अंदाजाने नाव लिहिणं मला पटेना. गाव, तारीख, वेल आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीवर 'ऑलॅकोफोरा, जात अनिश्चित' एवढंच घातलं. मॅडमनी ते तसंच मान्य केलं, फक्त पुढच्या हंगामात नर आणायला सांगितले. मामांना मी कळवलंय : दुधीवरचा फवारा थोडा उशिरा.