‘तुमची लेव्हल कमी आहे’ : चार खेपांचा अनुभव

आयटीआयचा प्रवेश, दोन वर्षं, परीक्षा, निकाल, यातलं काही सांगत बसत नाही. सगळं सरळ पार पडलं. वीस जणांच्या तुकडीत आम्ही तिघी मुली, तिघीही पास. ट्रेड वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन. घोडं अडलं ते नंतर, एका कारखान्याच्या भरती कार्यालयात, आणि तेही एका आकड्यावरून.

जाहिरातीत होतं, ‘आयटीआय वीजतंत्री, एनएसक्यूएफ लेव्हल ५’. एनएसक्यूएफ म्हणजे कुठलं शिक्षण कितव्या पायरीवर ते ठरवणारा राष्ट्रीय आराखडा, आणि लेव्हल म्हणजे त्यातली पायरी. माझा मावसभाऊ २०२१ ला याच ट्रेडमधून पास होऊन तिथेच लागलेला. त्यानेच सांगितलं म्हणून मी अर्ज घेऊन गेले. सांगलीहून एसटीने दीड तास. अर्जात लेव्हलचा रकाना होता. अभ्यासक्रमाच्या मुखपृष्ठावर छापलंय तेच मी लिहिलं : ४.

खिडकीतल्या साहेबांनी बोट नेमकं त्या रकान्यावर ठेवलं. "चार आहे तुमची. आम्हाला पाच पाहिजे."

"सर, ट्रेड तोच आहे. दोन वर्षांचाच आहे."

"असेल. पण एक लेव्हल कमी आहे ना? वरचा कोर्स करून या."

आता आयटीआयच्या वीजतंत्रीला ‘वरचा’ वीजतंत्री कुठून आणू? घरी आल्यावर आई म्हणाली, "पाच लिहून टाकायचं होतंस, कोण बघतंय?" रागाच्या भरात मलाही तसं वाटलं होतं, पण कृपा करून असं करू नका. प्रमाणपत्रावर क्यूआर कोड असतो, पडताळणीत खोटं लगेच उघडं पडतं.

दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला दोन तास बाकावर बसवलं. समोर त्यांच्या टेबलाखाली एक्स्टेंशन बोर्ड होता. त्यात पंख्याची वायर प्लगशिवाय, नुसती उघडी टोकं खुपसून, काडेपेटीच्या दोन काड्यांनी घट्ट केलेली. अर्थिंगचा तर पत्ताच नव्हता. पहिल्या महिन्यात आमच्या सरांनी असं कुणी केलं असतं तर वर्कशॉपबाहेर काढलं असतं. आणि हा माणूस मला लेव्हल सांगत होता! शेवटी जेवणाची सुट्टी झाली आणि उत्तर तेच मिळालं : "नियम वरून आलाय."

परतताना स्टँडवरून आमच्या निदेशक सरांना फोन केला. सर हसले. म्हणाले, "अगं, शिडीच बदलली आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर काढून दाखवलं. हा पात्रतेचा राष्ट्रीय आराखडा, म्हणजे एनएसक्यूएफ, २०१३ मध्ये आला तेव्हा त्यात दहा पायऱ्या होत्या. २०२३ मध्ये त्या आठ केल्या, आणि मध्ये अर्ध्या पायऱ्याही घातल्या. आता दहावी तीनवर, बारावी चारवर, तीन वर्षांची पदवी साडेपाचवर, पीएचडी आठवर. दहावीनंतर दोन वर्षं आयटीआय, म्हणजे बारावीच्याच पायरीवर. मांडणी तशी समजायला सोपी आहे. वीजतंत्रीच्या जुन्या अभ्यासक्रमावर ५ छापलेलं असायचं, २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमावर ४ आहे. मावसभावाचा पाच आणि माझा चार यांत ट्रेड तोच, दोन वर्षं तीच, प्रमाणपत्राचा प्रकारही तोच. खरं सांगायचं तर नव्यात तास कमी झालेत, वर्षाला १६०० चे १२००. त्यावर कुणी वाद घातला असता तर मी ऐकून घेतलं असतं. पण साहेबांना तास माहीतच नव्हते, त्यांना फक्त आकडा दिसत होता.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला आधी कळायला हवी होती. लेव्हल वेगळी आणि कोर्सची मुदत वेगळी. काही महिन्यांच्या कौशल्य कोर्सवरसुद्धा लेव्हल ४ असू शकते. म्हणून नुसता आकडा सांगू नका, प्रमाणपत्राचा प्रकार सांगा. माझं आहे ते ‘नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट’, ज्याला लोक अजून एनसीव्हीटीचं, म्हणजे राष्ट्रीय परिषदेचं म्हणतात. काही तुकड्या राज्याच्या परिषदेच्या, म्हणजे एससीव्हीटीच्या असतात. प्रवेश घेतानाच विचारा आपली कुठली, कारण काही जाहिरातींत नेमकं एनसीव्हीटी मागतात. अप्रेंटिसशिप करून परीक्षा दिली की मिळतं ते एनएसी (नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट), ते पुन्हा निराळं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना हे सगळं एकच वाटायचं. मलाही तोवर तसंच वाटत होतं.

मग सरांनी प्राचार्यांच्या सहीचं पत्र करून दिलं : ट्रेड तोच, कालावधी तोच, सुधारणेमुळे लेव्हलचा आकडा बदलला. त्यावर जावक क्रमांक आणि गोल शिक्का मात्र मागून घ्या. मी पत्र घेऊन अर्ध्या वाटेवर होते आणि शिक्क्यासाठी परत फिरले. सोबत दोन्ही अभ्यासक्रमांच्या मुखपृष्ठांच्या छापील प्रती घेतल्या, जुना ५ आणि नवा ४, दोन्हींवर हायलायटर मारून. मोबाइलवर दाखवू नका, मोबाइलवरचं कुणी वाचत नाही. नावाचं स्पेलिंगही दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून घ्या. माझ्या मैत्रिणीच्या आडनावात एक ‘ए’ जास्त पडला, तिची दुरुस्ती अजून चालू आहे.

हो, आणि दहावीनंतर आयटीआय केलेल्यांना दहावी-बारावीच्या मंडळाचे भाषेचे दोन विषय देऊन बारावीची समकक्षता घेता येते. ज्यांना पुढे शिकायचंय त्यांनी हे आत्ताच विचारून ठेवा. दोन वर्षांचा आयटीआय असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही अर्ज करता येतो.

चौथ्या खेपेला मी दोन्ही मुखपृष्ठं शेजारी शेजारी ठेवली. साहेबांनी बराच वेळ पाहिलं, आत जाऊन आले, मग म्हणाले, "असं आधी सांगायचं ना." मी गप्प बसले. एसटी चुकवायची नव्हती. पोचपावतीवर त्यांनी निळ्या पेनाने लिहून दिलं : ‘लेव्हल ४ (नवीन)’.

मुलाखत पुढच्या सोमवारी आहे. टेबलाखालच्या बोर्डातल्या काड्या तशाच होत्या.