एकाच मेल आयडीवरून तिघांचे अर्ज

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. भरतीचं काम माझ्याकडे असतं. त्या सोमवारी सीएनसी ऑपरेटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशीन सांभाळणाऱ्याच्या, मुलाखतींची यादी पक्की करताना तीन नावं अडली. तिघांचेही अर्ज एकाच मेल आयडीवरून आले होते. आयडी कुठल्याशा कॉम्प्युटर सेंटरच्या नावाचा, मजकूर तिन्हींत अक्षरशः तोच, विषयाच्या जागी नुसतं ‘रिझ्युम’. आम्ही मुलाखतीचे मेल पाठवले होते, पण उत्तर एकाचंही नाही. सहकारी म्हणाला, “बोगस दिसतायत. काढून टाका.”

मला ते पटेना. तिघांचा आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवरच्या कामाचा कोर्स, झालेला. त्यातल्या एकाने फॅनुक कंपनीच्या कंट्रोलरवर, म्हणजे सीएनसी मशीन चालवणाऱ्या यंत्रणेवर, अप्रेंटिस म्हणून काम केल्याचं लिहिलं होतं. खोटा अर्ज करणारा कंट्रोलरचं नाव घालण्याइतका खोलात सहसा जात नाही. मी फोन लावला.

त्याच्या आईने उचलला. “कंपनीतनं बोलताय व्हय? थांबा, पाणी धरायला गेलाय, बोलावते.” पोरगा धापा टाकत आला. “मॅडम, मला मेल आलाच नाही. मी रोज सेंटरवर विचारायचो आधी. मग सोडून दिलं.”

तालुक्याच्या त्या सेंटरवर पीकविम्याचे, शिष्यवृत्तीचे, भरतीचे सगळे फॉर्म भरले जातात. मुलं कागद देतात, पैसे देतात. सेंटरवाला स्वतःच्याच आयडीवरून अर्ज पाठवतो. मग उत्तरही त्याच्याच इनबॉक्समध्ये जाणार. मी त्या सेंटरवाल्यांना फोन केला. माणूस सरळ होता. “मॅडम, दिवसाला शेकड्यानं मेल येतात हो,” म्हणाले. मी म्हटलं, “दादा, सर्चमध्ये ‘इंटरव्ह्यू’ टाकून बघा.” ते एकेक वाचू लागले. आमचे मेल तर होतेच, शिवाय चाकणच्या आणि रांजणगावच्या कंपन्यांचेही होते. त्या कंपन्यांच्या तारखा उलटून गेलेल्या. ते वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, “ह्यातला एक पोरगा आता वॉचमन म्हणून लागलाय.”

मला त्या क्षणी फार राग आला. एकट्या त्यांचा नाही. मेल गेला म्हणजे निरोप पोचला असं धरून चालणारी मीही त्यात होतेच, आणि बाकीच्या कंपन्याही.

दुपारी त्या पहिल्या मुलाला फोनवर धरून त्याचा स्वतःचा आयडी उघडून घेतला. त्याच्या मोबाईलवर जीमेल होतं, पण ते मोबाईल विकणाऱ्या दुकानदाराने उघडून दिलेलं. पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. खेड्यापाड्यांत हे सर्रास आढळतं. नवा आयडी त्याच्या नावाचा घेतला, ओटीपी त्याच्याच नंबरवर. पहिल्या अर्जात त्याने गुणपत्रिकांचे मोठमोठे फोटो जोडले होते. जीमेलवर २५ एमबीच्या वर गेलं की फाईल ड्राइव्हची लिंक होऊन जाते, आणि परवानगी दिलेली नसेल तर आमच्याकडे ती उघडत नाही. म्हणून सगळं एका पीडीएफमध्ये बसवायला सांगितलं, फाईलला त्याचं नाव. विषयात पद, नाव, ट्रेड. मजकुराला तो पुन्हा ‘रिस्पेक्टेड सर’पासून सुरुवात करू लागला, तेव्हा म्हटलं, “तू मशीनवर काय केलंस ते लिही.” त्याने लिहिलं: ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देतो, टूल बदलतो, मायक्रोमीटरने ०.०१ मिमीपर्यंत माप घेतो. मराठीतच लिहिलं. इतका नेमका अर्ज मी त्या भरतीत दुसरा वाचला नाही.

मॅनेजर साहेब म्हणाले, “ज्याला मेल बघता येत नाही तो प्रोग्रॅम काय बघणार?” मी त्यांना तो मजकूर दाखवला आणि तिघांनाही ट्रेड टेस्टला बोलवायचंच म्हणून अडून बसले.

एसटीने स्वारगेटला उतरून दोघं आले. अप्रेंटिसशिप केलेला पास झाला, पुढच्या पाळीपासून रुजूही झाला. दुसऱ्याचं माप घेणं कच्चं होतं. त्याला सराव करून यायला सांगितलंय. वॉचमन झालेल्याला सुट्टी मिळाली नाही. त्याचा अर्ज मी काढलेला नाही, पुढच्या भरतीत पहिला फोन त्यालाच करणार आहे.

आता मुलाखतीच्या प्रत्येक मेलसोबत आम्ही उमेदवाराला फोनही करतो. सेंटरवाल्या दादांनी त्यांच्याकडून अर्ज केलेल्या सगळ्या मुलांची नावं इनबॉक्समध्ये शोधायला घेतली आहेत, आणि अजून तारीख न गेलेले दोन मेल त्यांना सापडलेत.