पुण्यातले सायकस: एका रविवारची फेरी

डिसेंबरातल्या एका रविवारी मुलीला स्कूटरवर मागे बसवून शिवाजीनगरातल्या एका जुन्या कॉलेजच्या बागेत गेलो. तिथल्या सायकसच्या मादीला बिया धरल्यात असं कळलं होतं. जाणाऱ्यांनी आधी विचारून जावं आणि ओळखपत्र जवळ ठेवावं. आमचं नाव वहीत लिहून घेतलं, मगच आत सोडलं.

झाड माझ्या खांद्याला लागेल एवढं. नर्सरीवाले याला सागो पाम म्हणतात, पण पामशी याचं काही नातं नाही. पामला फुलं-फळं येतात, सायकसची बी उघडीच असते. ते समजून घ्यायला माथ्यावर वाकून पाहा. खाकी लोकरीची, पंज्यासारखी फाटलेली पानं दाटून मोठा गड्डा झाला होता आणि त्यांच्या बेचक्यांत शेंदरी बिया बसल्या होत्या. मुलगी कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. पानांची टोकं सुईसारखी असतात, डोळे सांभाळा.

मग पातं, म्हणजे पानाची एक बारीक पट्टी, उलटून पाहिलं. कडा खाली वळलेल्या, म्हणजे हा दक्षिण जपान आणि र्‍यूक्यू बेटांवरचा सायकस रेव्होल्यूटा. पुण्यात बंगल्यांपुढे दिसतो तो बहुतेक हाच. पाती सपाट आणि पान चांगलं लांब असेल तर आपल्या पश्चिम घाटातला सिर्सिनॅलिस आहे का, ते जरूर तपासा. रानात तो आता धोक्यात आहे.

खाली पडलेल्या चार बिया माळीकाकांना विचारून घेतल्या. घरी हातमोजे घालून साल-गर काढला आणि पाण्यात टाकल्या. चारही तरंगल्या. तरंगणारी बी बहुधा पोकळ निघते. सायकसमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी, आणि त्या आवारात नर एकही नाही. परागकण आलेच नाहीत तरी बी फुगते, रंगते आणि रिकामीच राहते. मुलीला मी सायकसच्या नात्यातल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या एन्सेफॅलार्टॉस वुडीची गोष्ट सांगितली. 1895 साली जॉन मेडली वुड यांना न्गोये जंगलात त्याचं एकच झाड दिसलं, तेही नर. आज जगभरच्या बागांत आहेत ती सगळी त्याचीच पिल्लं, म्हणजे बुंध्याला फुटलेल्या कोंबांपासून वाढवलेली, सगळे नर. मादी अजून कुणाला सापडलेली नाही.

दुपारी सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांकडे. (हडपसरहून पीएमपी मिळते.) सायकस ज्या गटातला, त्या सायकड गटात 10 वंश आणि साडेतीनशेहून जास्त जाती: ऑस्ट्रेलियात मॅक्रोझामिया, मेक्सिकोत डिऊन, क्यूबाखेरीज कुठेच नसलेला मायक्रोसायकस. नर्सरीत मात्र रेव्होल्यूटा आणि झामिया एवढेच मिळाले. झामिया मागितला की आधी झेडझेड हे शोभेचं कुंडीतलं झाड पुढे येतं. त्याचं शास्त्रीय नावही झामिओकुल्कस, पण ते अळूच्या कुळातलं. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ किनाऱ्याचा खरा झामिया हाताला पुठ्ठ्यासारखा लागतो.

विकत घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. पानांखाली पांढरी पापुद्र्यासारखी खवले कीड असेल तर ते झाड घेऊ नका. आणि घरात कुत्रं किंवा लहान मूल असेल तर मुळीच नको. सगळं झाड विषारी, बी सर्वांत जास्त. माझ्या गच्चीतल्या सायकसचा नवा फुटवा मागच्या वर्षी एका छोट्या निळ्या फुलपाखराच्या अळ्यांनी आठवड्यात साफ केला. कोवळी पानं उलगडत असताना रोज सकाळी बघावं लागतं. पाणी कमी, कुंडीला निचरा भरपूर.

कॉलेजातून निघताना माळीकाकांनी सांगितलं होतं, प्रभात रोडवरच्या एका बंगल्यात नर आहे, उन्हाळ्यात त्याला मक्याच्या कणसासारखा उभा, हातभर कोन येतो. मे महिन्यात त्या घरच्यांकडे कागदी पिशवी घेऊन परागकण मागायला जायचं आम्ही ठरवलंय.