दर महिन्याच्या ११ तारखेला येणारा कापूस

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावकडच्या एका जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याची, कापूस आवक एक्सेलमधून पायथन या प्रोग्रामिंग भाषेत घ्यायचं काम माझ्याकडे आलं. आधीचा प्रोग्राम चालत होता, एररही देत नव्हता. फक्त आलेखात नोव्हेंबरचा कापूस वर्षभर, दर महिन्याच्या बरोब्बर ११ तारखेला येत होता! जुलैत आमच्याकडे कापूस जेमतेम गुडघ्याला लागलेला असतो.

एक्सेलमधल्या तारखा मजकूर म्हणून टाईप केलेल्या. २०२३ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून पँडाज, म्हणजे तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी, रकान्यातली पहिली तारीख बघून साचा ठरवतं आणि तोच खालपर्यंत लावतं. पहिली नोंद होती ०१/११/२०२३. अमेरिकन पद्धतीने ती ११ जानेवारी झाली, ०२/११ ची ११ फेब्रुवारी, असं १२ तारखेपर्यंत सुखाने चाललं. १३/११ ला तेरावा महिना कुठून आणणार? तिथे प्रोग्राम अडायलाच हवा होता. पण कोणीतरी 'कोअर्स' (न जमलेली तारीख एरर न देता रिकामी करणारा पर्याय) लावून ठेवलेलं, त्यामुळे त्या महिन्यातल्या पुढच्या सगळ्या तारखा मुकाट 'नॅट', म्हणजे रिकाम्या झाल्या. नॅट कशाहून लहान नाही, कशाहून मोठाही नाही. 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' म्हटलं की त्या ओळी गायब.

साचा मी स्वतः दिला: दिवस, महिना, वर्ष. मूळ मजकुराचा रकाना जपला आणि तरीही नॅट राहिलेल्या ओळी छापून मुनीमजींपुढे ठेवल्या.

त्यात ३१/११ निघाली. पावती क्रमांक मागेपुढे ताडून पाहिले, तर ती १ डिसेंबर. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेला दिवस, महिना वेगवेगळे आकडे म्हणून दिले असते, तर त्याने न विचारताच १ डिसेंबर करून टाकली असती. इथे जमलं असतं, पण तो ३ चुकून पडलेला असता तर?

वेळेच्या रकान्यात २४:३० वारंवार होतं. पायथनचं घड्याळ २३:५९ च्या पुढे जात नाही. मुनीमजी म्हणाले, "गाडी रातले बारा नंतर उनी, पन हिशोब त्याच दिनना शे ना भाऊ!" बरोबरच होतं त्यांचं. मग वेळ टाइमडेल्टा, म्हणजे घड्याळाची वेळ नव्हे तर कालावधी, म्हणून वाचून तारखेत मिळवली. २४:३० आपोआप दुसऱ्या दिवशीचे ००:३० झाले. हिशोबाचा दिवस वेगळ्या रकान्यात ठेवला, कारण दिवसाची बेरीज त्याच्यावरच होते.

ज्यांची पावतीच सापडली नाही, त्या ओळी नॅटच राहू दिल्या. अहवालात त्यांची संख्या आणि क्विंटल आता सगळ्यात वर छापतो.