अखेर पॉइंट काढले
पप्पांची १९८४ ची येझदी मोटारसायकल. म्हैसूरच्या कारखान्यातली, गिअरचाच दांडा वर फिरवून किक मारायची ती. पाऊस लागला की पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांवर, काळं साचायचं आणि मी जांबोटीच्या रस्त्यावर छत्री काखेत धरून पॉलिश पेपर घासत बसलेला! गॅप ०.४ मिलिमीटर, फीलर गेज (फट मोजायची पट्टी) नसला की चार दाढीची ब्लेडं एकावर एक.

आज बेळगावच्या शहापुरातल्या मिस्त्रीमामांनी ते सगळं काढून १२ व्होल्टचं सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बसवलं. पॉइंट नाही, कंडेन्सर नाही. मॅग्नेट फिरला की पिकअप इशारा देतो आणि साठलेला चार्ज एका झटक्यात कॉईलला, की ठिणगी. ठिणगीच्या टायमिंगसाठी प्लगच्या भोकात अंतर मोजायचा डायल गेज घातला, पिस्टन वरच्या टोकाच्या ३ मिलिमीटर आधी थांबवला, प्लेट आवळली. तेवढा वेळ मामा बोलायचेही थांबले, म्हणजे बघा.

दुसऱ्या किकला सुरू! लाईट लावली आणि फट्. हेडलाईटचा बल्ब ६ व्होल्टचाच राहिला होता, चूक माझीच. मामा म्हणाले, "हॉर्न पण बदल की आता."

घरी पप्पांनी आवाज ऐकला, पेपरातून मान वर न काढता विचारलं, "जुने पॉइंट फेकलास काय?"

नाही फेकले. टूलबॉक्समध्ये आहेत, फडक्यात गुंडाळून.