तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या आरएक्स १०० मध्ये जोर कसा आणायचा

‘गाडी आरएक्स १०० आहे, पूर्वीसारखी ओढत नाही. बोअर वाढवून मोठा कार्बोरेटर टाकला तर पळेल का?’ नाशिकमध्ये जुनी यामाहा जपणारे लोक हा प्रश्न सतत विचारतात. माझं उत्तर असं की बोअर (सिलिंडर आतून घासून मोठा करणं) गरज असेल तरच करा, आणि मोठा कार्बोरेटर सध्या राहू द्या. १९८५ ते १९९६ या काळात विकलेल्या या गाडीचं इंजिन ९८ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ५० मिमी. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ७,५०० आरपीएमला ११ बीएचपी. गाडीचं वजन शंभर किलोच्या थोडंच वर, त्यामुळे हे ११ पूर्ण मिळाले तरी ती आजच्या रस्त्यावर चपळ वाटते. तुमच्या गाडीत ते ११ राहिलेले नाहीत, हा खरा प्रश्न आहे. शिवाय ५० चा बोअर ५०.५ केला तर इंजिन ९८ वरून १०० सीसी होतं. दोन सीसीने कुठलीच गाडी पळत नाही. बोअरिंगने जोर आला असं जे वाटतं, तो नव्या रिंगांनी नीट पकडलेल्या कॉम्प्रेशनचा जोर असतो.

आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (पिस्टनखालची, क्रँक फिरतो ती पेटी) हाही एक पंपच असतो, म्हणून तो हवाबंद आहे की नाही ते सगळ्यात आधी बघा. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील कडक झालं की इंजिन तिथून हवा ओढतं. पेट्रोल कमी पडतं, आयडलिंग वर-खाली होतं, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच उतरत नाही. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल जळतं, पांढरा धूर येतो आणि ऑइलची पातळी उतरत जाते. पहिला दोष जास्त घातक, कारण तो धूर काढत नाही, सरळ पिस्टन धरतो, म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो.

तपासणी सोपी आहे. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबरी पॅकिंग लावून पट्टीने बंद करा, प्लगच्या जागी नळी बसवा आणि बीपी मोजायच्या जुन्या यंत्राचा पंप जोडा. काटा ३०० वर न्या. ते जवळजवळ ६ पीएसआय होतात. सहा मिनिटांत काटा ५० पेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा: सील, ब्लॉकखालचं (सिलिंडरखालचं) पॅकिंग, रीडच्या (इनटेकच्या एकतर्फी झडपेच्या) पुढचा रबरी जोड. ही चाचणी बहुतेक गॅरेजमध्ये होत नाही, आणि नवा पिस्टन पुन्हा धरण्यामागे बऱ्याचदा हीच राहून गेलेली गळती असते.

मग क्रँक. कनेक्टिंग रॉड हातात धरून सरळ वर-खाली ओढा. खालच्या बेअरिंगला उभी ढील अजिबात नको, आडवी थोडी सरक चालते. रॉड किट बदलायचं ठरलं तर क्रँक प्रेसवर उघडून पुन्हा जोडताना दोन्ही टोकं एका रेषेत आली पाहिजेत. डायल गेज लावून फेर ०.०३ मिमीच्या आत आहे असं दाखवायला सांगा. हातोडीने ठोकून ‘सरळ’ केलेला क्रँक सहा हजारांच्या वर हँडलपर्यंत कंप देतो आणि नवी सीलंही खातो. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीमुळे आपल्याकडे हे मोजमाप करणारे कारागीर मिळतात. थोडे जास्त पैसे मोजून असाच माणूस गाठा.

बोअर करायचाच असेल तर आधी पिस्टन विकत घ्या, मग ब्लॉक पाठवा. ओव्हरसाइझ पाव-पाव मिमीच्या टप्प्याने येतात आणि जेवढ्यात ब्लॉक साफ होईल तेवढाच टप्पा घ्यावा. डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. पिस्टन प्रत्यक्ष मोजायचा: स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या काटकोनात. त्या मापात ०.०४ ते ०.०५ मिमी मिळवून बोअर करायचा. एअरकूल्ड इंजिन आणि बाजारातला बदली पिस्टन असेल तर मी ०.०५ च्या बाजूने राहीन. ‘टाइट ठेवा, जास्त टिकेल’ हा सल्ला टू-स्ट्रोकला मारक आहे. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तोंडातलं अंतर फीलर गेजने बघा, ०.१५ ते ०.३० मिमी असावं.

बोअरिंगनंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या बारीक पॉलिश पेपरने अर्धा मिमीभर गोल केल्या नाहीत तर रिंग अडकते आणि तुटते. हे काम लेथवाला करेल असं फिटर धरून चालतो आणि फिटर करेल असं लेथवाला. म्हणून ब्लॉक परत आला की स्वतः बोट फिरवून बघा. होनिंगची (बोअरमध्ये बारीक तिरक्या रेघा पाडण्याच्या घासकामाची) पूड पेट्रोलने निघत नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन, पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत धुवा आणि लगेच ऑइल लावा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगचं तोंड खोबणीतल्या पिनवर, सर्क्लिप कायम नवी.

रीड व्हॉल्व्ह काढून उजेडासमोर धरा. पाती नीट बसत नसतील, कोपरा उडालेला असेल तर बदला. स्टीलच्या पातीचा तुकडा आत गेला तर नवं बोअरिंग फुकट जातं. सायलेन्सरमधला बॅफल (आतली आवाज कमी करणारी नळी) काढून त्यावरचा कार्बन जाळून किंवा कॉस्टिकच्या गरम पाण्यात भिजवून काढा. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि कॉस्टिकजवळ ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग आणायचा नाही. गाडी पॉइंटवाली (ठिणगीसाठी जुना यांत्रिक स्विच असलेली) असेल तर पॉइंट आणि कंडेन्सर बदलून ठिणगीचं टायमिंग डायल गेजने लावा. या इंजिनात क्रँकचे २० अंश म्हणजे पिस्टन सर्वांत वरच्या जागेपासून सुमारे १.९ मिमी खाली असतो, त्यामुळे नजरेने लावलेलं टायमिंग किती चुकू शकतं ते लक्षात येईल. एवढं झालं की बहुतेक गाड्यांना हवा तो जोर आलेला असतो.

आता जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या भोकाचं (जेटचं) माप बसवणं. नाशिकसाठी हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आजच्या ई-२० मध्ये २० टक्के आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. म्हणजे काहीही न बदलता जुनी गाडी आज आधीच कोरड्या (पेट्रोल कमी असलेल्या) मिश्रणावर चालते आहे. त्यात आपली हवा. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, म्हणून इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. इथे बरोबर बसवलेला जेट कसारा उतरून कल्याण-ठाण्याला गेलं की सुमारे ३ टक्के कोरडा पडतो. थंडीचा फरक याहून मोठा. निफाडकडे पारा १० अंशांखाली जातो आणि मे महिन्यात दुपारी ४० ला टेकतो. या दोन हवांच्या घनतेत दहा टक्क्यांचा आणि मिश्रणात सुमारे पाच टक्क्यांचा फरक पडतो. मे मधल्या दुपारी झकास लागलेली गाडी डिसेंबरच्या पहाटे हायवेवर पिस्टन धरते ती यामुळेच. मेन जेट थंडीत, सकाळी लावा. उन्हाळ्यात थोडं जड (पेट्रोल जास्त) चालेल, ॲव्हरेज दोन-तीन किलोमीटर कमी मिळेल, पण इंजिन वाचेल.

जेट बदलताना एक सावधगिरी. काही मेकच्या जेटवर प्रवाहाचा आकडा असतो, काहींवर भोकाच्या व्यासाचा. प्रवाहाचा असेल तर ८० चं ८५ केल्यावर पेट्रोल ६ टक्के वाढतं. व्यासाचा असेल तर भोकाचं क्षेत्रफळ १३ टक्के वाढतं. एकाच मेकचे जेट घ्या आणि बारीक तारेने भोक ‘मोकळं’ करू नका. दोन-तीन नंबर मोठ्यापासून सुरू करून एकेक खाली या. नवा प्लग लावून, इंजिन गरम असताना, मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या, मग क्लच दाबून इग्निशन बंद करा. प्लगच्या पोर्सिलेनच्या अगदी मुळाशी तपकिरी कडं हवं. टोक पांढरं आणि त्यावर चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तिथेच थांबा आणि जेट वाढवा. ई-२० मुळे नळी, फ्लोट नीडलचं रबरी टोक आणि टाकीच्या कॉकमधलं रबरही बदलून घ्या. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि ते तळाशी बसतं.

ऑइल पंप काढून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची पद्धत आपल्याकडे फार आहे. पंप चांगला असेल तर तो ठेवाच, असं मी म्हणेन. मिसळायचंच असेल तर रनिंग-इनमध्ये (काम झाल्यावरच्या पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये) लिटरला ५० मिली, पुढे ३५ ते ४०. गरजेपेक्षा जास्त ऑइल म्हणजे त्याच जेटमधून तेवढं कमी पेट्रोल, हे विसरलं जातं.

याच्या पुढचं काम हवं असेल तर हेडपासून (सिलिंडरच्या झाकणापासून) सुरू करा. सोल्डरची दीड-दोन मिमी तार पिस्टनच्या माथ्यावर पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना ठेवून किक मारा आणि चपटी झालेली तार मोजा, ती पिस्टन आणि हेडमधली फट. १ मिमीच्या आसपास उत्तम. दीडच्या वर असेल तर कडेचं मिश्रण उशिरा जळतं आणि इंजिन ठोकतं. पाऊणच्या खाली गेलात तर उंच आरपीएमला पिस्टन हेडला लागू शकतो. हेड अर्धा मिमी घासलं की ज्वलनकक्ष जवळजवळ १ सीसीने लहान होतो. १४ सीसीचा कक्ष असेल तर कॉम्प्रेशन ८ वरून साडेआठवर जातं. रोजच्या गाडीला तेवढं भरपूर आहे. ब्लॉकखालचं पॅकिंग पातळ करून हा फरक साधू नका, पोर्ट खाली येतात आणि टायमिंग बदलतं.

एक्झॉस्ट पोर्ट १ मिमी वर घेतला तर तो एकूण सुमारे पाच अंश जास्त वेळ उघडा राहतो. जोर वरच्या आरपीएमला सरकतो आणि द्वारका चौकाच्या गर्दीत गाडी मरगळते. रुंदी बोअरच्या ६५ टक्क्यांपुढे, म्हणजे ३२ मिमीच्या वर, नेली की रिंग फुगून कडेला अडकते. एक्स्पान्शन चेंबरचा (शंकूंच्या आकाराच्या शर्यतीच्या सायलेन्सरचा) हिशोब याच अंशांवर ठरतो. पोर्ट १८० अंश उघडा आणि जोर ८,००० आरपीएमला हवा असेल तर पिस्टनपासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंत सुमारे ९७ सेमी. ८,५०० ला हवा असेल तर ९१. दुसऱ्याच्या गाडीवरचा चेंबर आपल्या पोर्टवर चालत नाही तो या गणितामुळे. रस्त्यावरच्या गाडीसाठी मात्र मी पोर्ट आणि चेंबर दोन्हींना हात लावणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही. शिवाय पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी पेठ रोडच्या आरटीओत नव्याने करावी लागते, तिथे गाडी तपासली जाते. इंजिन आणि चासी नंबर ब्लास्टिंगमध्ये (वाळूच्या फवाऱ्याने साफ करताना) पुसट होणार नाहीत याचीही काळजी घ्या.

चढावर ओढ हवी असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. १४ चे १३ केले तर प्रत्येक गिअरमध्ये जवळजवळ ८ टक्के जोर वाढतो, टॉप स्पीड सुमारे ७ टक्के कमी होतो. ब्रेक लायनर, स्विंग आर्मचे बुश आणि स्टिअरिंगचे कोन सेट यांचा खर्च इंजिनच्या आधी बाजूला काढा. पुढचा ड्रम ब्रेक जोरात दाबल्यावर लिव्हर आर्म आणि केबल यांच्यात काटकोन झाला पाहिजे, नाहीतर नवे शूही धरत नाहीत.

रनिंग-इनचे पहिले ५०० किलोमीटर एका वेगाने कधीच नको. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, वर-खाली करत, टॉप गिअरमध्ये रेटायचं नाही. गंगापूर रोड बरा, नांदुरीहून सप्तशृंगीचा घाट अजून नको. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळत असाल तर कसारा उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून इंजिनवर गाडी रोखू नका, कारण पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबतं आणि इंजिन मात्र फिरत असतं. मधूनमधून क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्या. ५०० झाल्यावर सायलेन्सर उतरवून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्चने पिस्टन बघा. या बाजूला उभे ओरखडे दिसले तर मिश्रण कोरडं आहे किंवा हवा शिरते आहे. इनटेककडची बाजू बघायला ब्लॉक उचलावा लागतो. तिथे मंद राखाडी घास असेल तर फिल्टरमधून धूळ जाते आहे. चारही कोपऱ्यांवर सारखे डाग असतील तर बोअर घट्ट आहे किंवा गाडी थंड असतानाच पिळली गेली आहे. काहीच नसेल आणि पिस्टनवर होनिंगच्या तिरक्या रेघांचा हलका ठसा असेल, तर आता वणीचा रस्ता धरायला हरकत नाही.